मराठी शीर्षकांचे स्लग बनवणारं वर्डप्रेस प्लगइन लिहिताय? या चुका टाळा

वर्डप्रेसमध्ये 'शिवनेरी किल्ल्यावर जाण्याचा मार्ग' या शीर्षकाची पोस्ट प्रकाशित करा आणि तिचा पत्ता वाचून पाहा. पत्त्याच्या शेवटच्या भागात, ज्याला स्लग म्हणतात, 'शिवनेरी-किल्ल्यावर-जाण्य' एवढंच उरलेलं दिसेल. आता 'शिवनेरी किल्ल्यावर जाण्यापूर्वी' अशी दुसरी पोस्ट टाका. तिच्या पत्त्याचा शेवट 'जाण्-2' असा होईल, ण चा पाय मोडून.

यात वर्डप्रेसचं काही बिघडलेलं नाही. वेबपत्त्याचं मानक, म्हणजे २००५ सालचं आरएफसी ३९८६, पत्त्यात फक्त मूळ रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं मान्य करतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत ३ बाइट घेतं आणि प्रत्येक बाइट पत्त्यात टक्क्याचं चिन्ह व दोन आकडे-अक्षरं अशा रूपात लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. वर्डप्रेसच्या डेटाबेसमधला पोस्टच्या स्लगचा रकाना २०० जागांचा आहे. भागाकार केला की २२ चिन्हं हातात येतात, आणि त्यात काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. 'किल्ल्यावर' हा एकटा शब्द १० चिन्हं खातो.

शिवाय तोच पत्ता क्रोममधून कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांची लांबलचक रांग जाते, आणि वाचणाऱ्याला ती लिंक कशाची आहे याचा पत्ताच लागत नाही. म्हणून अनेक जण शीर्षकाचा नीटनेटका स्लग करून देणारं छोटं प्लगइन स्वतः लिहायला घेतात. काम पन्नास-साठ ओळींचं आहे आणि शिकायला उत्तम आहे. पण इंटरनेटवरचे बहुतेक नमुने इंग्रजी शीर्षक गृहीत धरून लिहिलेले असतात आणि आपल्या बहुतेक अडचणी त्या गृहीतकातून निघतात. मराठीचं लिहिणं कसं चालतं हे प्लगइनला शिकवावं लागतं. ते शिकवलं नाही तर प्लगइन 'चालतं', पण पत्ते चुकीचे बनवतं.

आधी ठरवा: रोमन की देवनागरी?

रोमन स्लगने गुगलमध्ये वरचा क्रमांक मिळतो, असं सर्रास सांगितलं जातं. गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात तसं काही नाही. उलट वाचकांच्या भाषेतले शब्द पत्त्यात वापरा, यूटीएफ-८ ने सांकेतिक करा आणि शब्दांमध्ये अंडरस्कोरऐवजी आडवी रेघ ठेवा, असं तिथे म्हटलेलं आहे. मराठी विकिपीडियाचे पत्ते देवनागरीतच आहेत आणि ते शोधात व्यवस्थित सापडतात.

रोमनचा खरा फायदा दोन ठिकाणी आहे. लिंक पाठवताना ती वाचता येते, आणि २२ चिन्हांची मर्यादा उरत नाही. त्यामुळे बातम्या, प्रवासवर्णनं, पाककृती अशा लांब शीर्षकांच्या साइटला मी रोमन सुचवतो. शब्दकोश, कवितासंग्रह, ग्रामसूची अशा एक-दोन शब्दांच्या शीर्षकांना देवनागरीच ठेवावी. मात्र जे ठरवाल ते साइट सुरू होतानाच ठरवा.

मात्रा गिळणारा रेग्युलर एक्स्प्रेशन

देवनागरी ठेवणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. 'अक्षर किंवा अंक नसेल ते सगळं काढून आडवी रेघ टाक' असा रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात नमुना शोधणारा नियम, लिहिला जातो. युनिकोडमध्ये क, ल, म ही 'अक्षरं' आहेत, पण काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही 'चिन्हं' या वेगळ्या वर्गात मोडतात. त्यामुळे 'किल्ला'चा 'क-ल-ल' होतो. पत्त्यात सुटी व्यंजनं आणि मधे मधे रेघा दिसल्या की दुसरीकडे शोधू नका, कारण हेच आहे. नियमात अक्षर आणि अंक यांच्या जोडीला चिन्हांचा वर्ग, म्हणजे 'एम', घाला.

पॅटर्नच्या शेवटी 'यू' हा झेंडा लावायला विसरलात तर पीएचपी, म्हणजे प्लगइनची भाषा, मजकूर बाइटनुसार तोडते आणि अर्धवट बाइट मागे राहतात. झेंडा लावला पण मजकूर आधीच अर्धवट कापलेला असला, तर फंक्शन रिकामा निकाल देतं. म्हणून कापाकापी नेहमी 'एमबी' ने सुरू होणाऱ्या फंक्शनांनी करा, आणि तीही शब्दाच्या सीमेवर.

हुक कुठे लावायचा, यावर निम्मं यश ठरतं

हुक म्हणजे वर्डप्रेसच्या कामात आपलं फंक्शन जोडायची जागा, आणि फिल्टर हा हुकचाच एक प्रकार. नमुना कोड बहुधा 'सॅनिटाइझ_टायटल' या फिल्टरला जोडलेला असतो. नाव पाहून तो योग्य वाटतो. पण इथून पुढे एकातून दुसरी अशा चुका निघत जातात, म्हणून जरा सावकाश पाहू.

वर्डप्रेसचं स्वतःचं फंक्शन या फिल्टरवर १० या प्राधान्याने आधीच बसलेलं आहे (लहान आकडा आधी चालतो). तुम्ही प्राधान्य न देता तुमचं फंक्शन जोडलं की त्यालाही १० मिळतो आणि ते नंतर चालतं. तोवर शीर्षकाचं टक्क्यांच्या रांगेत रूपांतर झालेलं असतं. तुमच्या देवनागरी-रोमन तक्त्यातला एकही 'क' किंवा 'म' त्यात सापडत नाही, प्लगइन चालू असूनही काही बदलत नाही. यावर साधा उपाय प्राधान्य ९ देणं हा आहे.

पण अनेक जण वेगळाच उपाय करतात. ती टक्क्यांची रांग उलटी उलगडून पुन्हा देवनागरी करतात आणि मग रोमनमध्ये नेतात. नवी पोस्ट टाकून पाहिली तर छान चालतं, म्हणून काम संपलं असं वाटतं. अडचण पुढे येते. हाच फिल्टर वर्डप्रेस पत्ता शोधतानाही वापरतं. वाचक एखाद्या जुन्या देवनागरी पत्त्यावर आला की त्याने मागितलेला स्लगही तुमचं प्लगइन उलगडून रोमन करतं, डेटाबेसमध्ये तर जुनाच देवनागरी स्लग असतो, आणि वाचकाला ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', दिसतं. फिल्टरला तिसरा घटक म्हणून संदर्भ मिळतो. तो 'सेव्ह' असेल तेव्हाच काम करायचं आणि 'क्वेरी' असेल तर मजकूर जसाच्या तसा परत द्यायचा, असं केलं की पोस्ट बचावतात.

वर्ग (कॅटेगरी) आणि टॅग मात्र तेवढ्याने बचावत नाहीत. स्लगवरून वर्ग शोधताना वर्डप्रेस हाच फिल्टर 'सेव्ह' या संदर्भाने चालवतं, त्यामुळे 'किल्ले' नावाचा जुना वर्ग पुन्हा हरवतो. भरीला आणखी एक प्रकार होतो: जुन्या पोस्टमधला एक स्वल्पविराम दुरुस्त करून 'अपडेट' दाबलं की जतन करताना तिचा जुना स्लगही याच वाटेने जातो आणि पोस्टचा पत्ता गुपचूप बदलतो. दुकानाच्या साइटवर वूकॉमर्स असेल तर त्याच्या गुणधर्मांची नावंही इथूनच जातात. 'रंग', 'माप' असे मराठी गुणधर्म असलेली उत्पादनं त्यामुळे अडखळू शकतात.

हे सगळं पाहता माझं स्पष्ट मत असं आहे की साध्या प्लगइनने या फिल्टरच्या वाटेला जाऊच नये. 'डब्ल्यूपी_इन्सर्ट_पोस्ट_डेटा' हा फिल्टर घ्या. तो फक्त पोस्ट जतन होताना चालतो. तिथे तीन गोष्टी तपासा. पोस्टचा प्रकार तुम्हाला हवा तोच आहे ना, कारण मेनूतले दुवेसुद्धा आतून पोस्टच असतात. मूळ विनंतीत स्लग रिकामा आहे ना. तो भरलेला असेल तर लेखकाने स्वतः लिहिलेला आहे किंवा पोस्ट जुनी आहे, दोन्ही वेळा हात लावायचा नाही. तिसरी गोष्ट पोस्टची स्थिती, आणि ती अनेकांना चकवते.

'स्थिती प्रकाशित असेल तरच' अशी अट घातली की वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट निसटतात. पहाटे सहाला जाणारी बातमी आदल्या रात्री लावली, तर तिला स्लग रात्रीच मिळतो. तेव्हा तिची स्थिती 'प्रकाशित' नसून 'फ्यूचर' असते. सकाळी वर्डप्रेस थेट डेटाबेसमध्ये स्थिती बदलतं आणि तुमचा फिल्टर त्या वाटेवर लागतच नाही. 'दिवसा टाकलेल्या पोस्ट बरोबर, पहाटेच्या चुकीच्या' अशी तक्रार आली तर हे पाहा. अट उलटी लिहा: स्थिती मसुदा, ऑटो-ड्राफ्ट किंवा प्रलंबित नसेल तर स्लग बनव. वर्डप्रेस स्वतःही तसंच करतं.

या वाटेने गेल्यावर प्रकाशित करण्याआधी एडिटरमध्ये दिसणारा पत्ता जुन्या पद्धतीचाच दिसेल, कारण तो नमुना वेगळ्या ठिकाणी तयार होतो. प्रकाशित झाल्यावर बरोबर दिसत असेल तर प्लगइन ठीक आहे. लेखकांना मात्र हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ते हाताने स्लग लिहायला लागतात.

तयार लिप्यंतरावर डोळे मिटून विश्वास

पीएचपीतलं 'आयकॉन्व्ह' हे मजकूर एका सांकेतिक पद्धतीतून दुसरीत नेणारं फंक्शन देवनागरीपुढे हात टेकतं आणि प्रश्नचिन्हं देतं. ती गाळली की स्लग रिकामा राहतो आणि वर्डप्रेस त्या जागी पोस्टचा क्रमांक टाकतं. पत्त्यात नुसता आकडा दिसायला लागला तर आधी इथे बघा.

'इंटल' या एक्स्टेन्शनमधला ट्रान्सलिटरेटर जास्त चांगला आहे, पण तो संस्कृत ग्रंथांच्या पद्धतीने चालतो. प्रत्येक व्यंजनातला 'अ' तो राखतो आणि शेवटी खुणा काढल्या की श, ष, स एकच होतात. नाशिकचं 'नासिका' होतं, कोल्हापूरचं 'कोल्हापुरा', चंद्रपूरचं 'चम्द्रपुरा' आणि ज्ञानेश्वरांचं 'ज्नानेस्वरा'. मराठी माणूस असं लिहीत नाही. शिवाय स्वस्त होस्टिंगवर हे एक्स्टेन्शन नसलं तर आख्खी साइट 'क्लास सापडला नाही' म्हणत बंद पडते, म्हणून वापरायचंच असेल तर तो क्लास उपलब्ध आहे का हे आधी तपासा.

स्वतःचा तक्ता लिहिणं मला जास्त पटतं. तो लिहिताना पहिली चूक असते नुसती अदलाबदल करण्याची. व्यंजनाच्या पुढे काय आहे हे पाहिल्याशिवाय त्याचं रोमन रूप ठरत नाही: पुढे मात्रा असेल तर मात्रेचा स्वर, हलन्त असेल तर स्वर नाही, दोन्ही नसेल तर 'ए' हे रोमन अक्षर. त्यामुळे मजकुरावरून चिन्हागणिक चालत जाणारा लूप हवा. क्ष आणि ज्ञ यांची जोडी त्यातल्या सुट्या व्यंजनांच्या आधी ओळखली पाहिजे. 'एसटीआर_रिप्लेस' तक्त्याच्या क्रमाने बदल करत जातं आणि क आधी आला तर क्ष मोडतो. 'एसटीआरटीआर' ला तक्ता दिला तर ते सर्वांत लांब जोडी आधी उचलतं.

मग मराठीचे खास नियम. ज्ञ साठी हिंदी तक्त्यात 'ग्य' असतं, आपल्याला डी-एन-वाय हवं. कृ मधल्या ऋकारासाठी आपण आर-यू लिहितो: संस्कृती, कृती. हिंदी तक्ता जसाच्या तसा उचलला की साइटभर 'संस्क्रिती' पसरते. ळ ला एल पुरे. अनुस्वार प-वर्गाच्या आधी एम आणि इतरत्र एन, एवढ्याने मुंबई आणि पंढरपूर दोन्ही बरोबर येतात.

शब्दाच्या शेवटचा अनुस्वार मात्र वेगळा आहे आणि आजच्या ऑनलाइन मराठीत तो अनेक शीर्षकांत असतो: 'काय झालं', 'कसं करायचं', 'पुस्तकं कुठे मिळतील'. इथे न चा उच्चार नाहीच, अ लांबतो. नियम आंधळेपणाने लावला की 'झालं'चं 'झालन' आणि 'कसं'चं 'कसन' होतं. शेवटचा अनुस्वार गाळा, पण त्याआधीचा 'ए' ठेवा. क्रमही सांभाळा. अनुस्वार आधी गाळून मग शब्दान्तीचा अ काढलात तर 'कसं'चा 'कस' उरेल.

शब्दान्तीच्या अ चा नियम सोपा आहे: शेवटी साधं व्यंजन असेल तर अ काढा, जोडाक्षर असेल तर ठेवा. पुस्तक, नाशिक, कोल्हापूर एका बाजूला; मित्र, महाराष्ट्र दुसऱ्या बाजूला. एकाच व्यंजनाचा शब्द, म्हणजे 'व', असेल तर अ काढू नका.

शब्दाच्या मधल्या अ च्या मागे लागू नका. 'बदलापूर' मध्ये द चा अ आपण खातो हे खरं. त्यासाठी स्वर-व्यंजन-अ-व्यंजन-स्वर असा नियम उजवीकडून लावतात. सरकारला तो बरोबर चालतो, आणि गणपतीला गाठल्यावर 'गणप्ती' करून ठेवतो. कधीतरी एखादा 'ए' जास्त राहिलेला पत्ता वाचता येतो, पण मोडलेलं नाव डोळ्याला खुपतं. मधला अ तसाच ठेवा आणि नेहमीच्या गावांची, माणसांची नावं एका छोट्या अपवाद-सूचीत घाला. वाई आणि वर्धा डब्ल्यूने लिहितात, हे कुठलाही नियम सांगू शकणार नाही.

दिसतं एक, टाइप झालेलं दुसरंच

मराठी टाइप करण्याच्या पद्धती अनेक आहेत, आणि स्क्रीनवर एकसारखा दिसणारा शब्द आतून वेगळा असू शकतो. 'ॲप' मधला ॲ हे युनिकोडमधलं एकच चिन्ह आहे, पण कुणी अ वर चंद्र देऊन ते लिहितं, कुणी हिंदी कीबोर्डवरचा ऍ वापरतं. 'बँक' मध्ये कुणाचा चंद्रबिंदू असतो, कुणाचा चंद्र आणि वर अनुस्वार. युनिकोडचा नॉर्मलायझर र आणि नुक्ता (खालचा ठिपका) यांचा ऱ जोडून देतो, पण अ आणि चंद्राचा ॲ करत नाही. ती जोडणी तुम्हालाच लिहावी लागते.

सगळ्यात नाजूक जागा अर्ध्या र ची आहे. 'दऱ्या' हा शब्द कुणी ऱ ने लिहितं, कुणी साध्या र ला हलन्त देऊन पुढे शून्य रुंदीचा जोडक टाकतं. हा जोडक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून 'अदृश्य चिन्हं साफ करा' अशी एक ओळ बहुतेक प्लगइनांत असते. देवनागरी स्लगमध्ये ती ओळ दऱ्यांचा दर्या करते आणि सह्याद्रीतली पोस्ट समुद्रावर जाऊन पोचते. आधी र, हलन्त, जोडक या तिघांचा ऱ आणि हलन्त करा, उरलेली अदृश्य चिन्हं मग काढा.

देवनागरी आकडे रोमन करायला विसरू नका. पूर्णविरामाचा दंड, अवग्रह आणि इमोजी गाळा.

एकमेवपणा आणि जुने पत्ते

वर सुचवलेल्या फिल्टरपर्यंत पोचेतो वर्डप्रेसने स्वतः बनवलेला स्लग एकमेव आहे का हे तपासून झालेलं असतं. तुम्ही नंतर स्लग बदललात तर ती तपासणी तुमच्या स्लगला लागू होत नाही. 'डब्ल्यूपी_युनिक_पोस्ट_स्लग' पुन्हा बोलवा. हे फंक्शन सारखे स्लग वेगळे करतंच, शिवाय '२०२४' एवढंच शीर्षक असेल तर त्या वर्षाच्या संग्रहाशी होणारी टक्करही टाळतं.

जुन्या पोस्टचे स्लग एका झटक्यात बदलण्यासाठी थेट एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला सरळ दिलेली आज्ञा, चालवण्याचा मोह होतो. तो आवरा. पोस्ट नेहमीच्या मार्गाने अपडेट झाली तर वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्या पत्त्यावर नेतं. एसक्यूएलने केलेला बदल त्याला कळतच नाही. आणि हे लक्षात ठेवणं फक्त प्रकाशित पोस्टपुरतं असतं, 'पान' या प्रकाराला ती सोय नाही. पानं आणि वर्ग यांचे पत्ते बदलले तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारे ३०१ चे दुवे तुम्हालाच लिहावे लागतील. नेहमीच्या मार्गाने हजार पोस्ट अपडेट केल्या की प्रत्येकीची 'शेवटचा बदल' तारीख आजची होते, हेही आधी लक्षात घ्या. माझा सल्ला: जुन्या पोस्टना हात लावू नका. लोकांनी जपून ठेवलेल्या आणि इतरांनी दिलेल्या लिंक चालू राहणं हे सुबक स्लगपेक्षा महत्त्वाचं आहे.

स्लग बदलला म्हणून पत्ते ओळखण्याचे रीराइट नियम पुन्हा बनवायची गरज नाही. प्रत्येक पानाला ते काम लावणारी ओळ नमुन्यात दिसली तर काढून टाका, साइट उगाच मंदावते.

प्लगइन सुरूच होत नसेल तर

सुरू करताना '३ अक्षरांचं अनपेक्षित आउटपुट' असा संदेश आला तर फाइल बीओएमसकट जतन झाली आहे. बीओएम हे फाइलच्या सुरुवातीचं अदृश्य चिन्ह नेमकं ३ बाइटचं असतं. एडिटरमध्ये 'यूटीएफ-८, बीओएमशिवाय' निवडून पुन्हा जतन करा. यादीत प्लगइन दिसतच नसेल तर फाइलच्या माथ्यावरच्या टिप्पणीत 'प्लगइन नेम' ही ओळ इंग्रजीत, बिनचूक आहे का ते पाहा. फंक्शनांच्या नावांना स्वतःचा उपसर्ग द्या, 'मेक_स्लग' असं नाव दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलेलं असतं. आणि पांढरं पान आलं तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, ते आपोआप बंद पडेल. मग 'डब्ल्यूपी_डीबग' आणि 'डब्ल्यूपी_डीबग_लॉग' दोन्ही चालू करून डीबग लॉगमधली शेवटची ओळ वाचा.

चाचणीसाठी 'नमस्कार जग' पुरत नाही. ही शीर्षकं घाला: 'शिवनेरी किल्ल्यावर जाण्याचा मार्ग', 'सह्याद्रीतल्या दऱ्या' दोन्ही पद्धतींनी टाइप करून, 'कसं झालं हे?', 'ज्ञानेश्वर व संस्कृती', 'बँकेचं ॲप', 'गणपती २०२४', नुसतं '२०२४' आणि नुसता एक इमोजी. प्रत्येक शीर्षक एकदा लगेच प्रकाशित करा, एकदा वेळ लावून. मग एखादी जुनी देवनागरी पत्त्याची पोस्ट उघडून न बदलता अपडेट करा, जुन्या वर्गाचं पान उघडा, आणि दोन्हींचे पत्ते होते तसेच आहेत ना ते पाहा.